पिवळ्या बसमधली आठवी

आईशपथ, यातला शब्द न् शब्द खरा आहे. म्हणजे हवालदाराचा भाग मी थोडा ओढलाय. आणि जुन्नरच्या पुढे बसमध्ये चढलेली पोरं नऊ होती की सात, यावर माझं आणि मनूचं अजून भांडण चालू आहे. बाकी सगळं खरं. बऱ्यापैकी.

चहा संपेपर्यंत ऐका. शाळेचे किस्से तुमच्याकडे पण असतील. बेंच, डबा, पीटीचे सर, बाथरूममध्ये लपणं. सगळ्यांचे सेम असतात, म्हणून कोणी कोणाचे ऐकत नाही. माझी आठवी वेगळी झाली. वर्गात पोरं दोन, मी आणि माझी बहीण मनू. ती पाचवीत. शिक्षक एक, आमचे आजोबा. आणि वर्गाला गिअर होता. पाच माणसं वर्षभर एका गाडीत कोंबली ना, की किस्से आपोआप साचतात, सीटखाली बिस्किटांचा चुरा साचतो तसे. कितीही झाडू मार, कोपऱ्यात राहतातच.

आजोबांना आम्ही 'सर' म्हणायचो. ते मुलुंडला म्युनिसिपल शाळेत शिक्षक होते आणि पप्पा नि आत्या त्यांच्याच वर्गात शिकले. वर्गात 'बाबा' म्हटलं की छडी. म्हणून सर म्हणायची सवय लागली, ती घरी पण राहिली. आई लग्न होऊन आली, तिने तेच उचललं. आमच्या घरात कोणाला वडील, सासरे, आजोबा असं काही नव्हतंच. सगळ्यांना सर होते.

तर सर विसरायला लागले होते. चष्मा, चावी, ते आपण पण विसरतो. सर जेवण झालेलं विसरायचे. आजी गेली हे विसरायचे, आणि सांगितलं की दर वेळी पहिल्यांदा कळल्यासारखे खाली बसायचे. मग आम्ही सांगणं बंद केलं. "ही कुठे गेली?" विचारलं की म्हणायचं, बाजारात. आमची आजी कितीतरी वर्षं बाजारात आहे.

*

त्यात मुलुंडची आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आणि आम्ही कांदिवलीला भाड्याने राहायला आलो. सर रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून स्वतःच्या घरी जायला निघायचे. ते घर तोपर्यंत खड्डा झालं होतं.

एक दिवस निघाले ते गायबच. पप्पा, आई, वॉचमन, सगळे शोधतायत. वॉचमन म्हणाला, गेटमधून बाहेर पडले नाहीत. मग सगळ्या विंग धुंडाळल्या. त्या कॉम्प्लेक्समध्ये सगळ्या विंग सेम, सगळे दरवाजे सेम. सर सी विंगमध्ये सापडले. आमच्याच मजल्यावर, आमच्याच नंबरच्या फ्लॅटमध्ये. डायनिंग टेबलवर एका अनोळखी पोराला अपूर्णांक शिकवत होते.

झालं असं की, त्या बाईंनी मुलासाठी होम ट्यूशन लावली होती आणि त्याच दिवशी पहिल्यांदा टीचर येणार होते. बेल वाजली, दारात इस्त्रीचा शर्ट घातलेला म्हातारा माणूस. बाईंनी विचारलं, "टीचर ना?" सर म्हणाले, "हो." दुसरं काय म्हणणार? खरा टीचर नंतर आला, तर त्याला बाईंनी दारातूनच सांगितलं की सर आलेत.

पप्पांनी हात जोडून माफी मागितली, सगळं समजावून सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "उद्या पण हेच येतील ना? माझा मुलगा पहिल्यांदा एका जागी बसलाय."

त्या रात्री सर स्वतःच्या हाताने जेवले. आजीला शोधलं नाही. "आज तास चांगला झाला," म्हणाले आणि झोपले. पप्पा बराच वेळ त्यांच्या दारात उभे होते. पप्पांना आयडिया सुचली की अशी वाट लागते.

*

पप्पांची पिवळी मिनीबस होती, स्कूल बस. ज्या शाळेची पोरं ते सोडायचे तिने स्वतःच्या बस घेतल्या, त्यामुळे आमची उभीच होती. पप्पांचं लॉजिक ऐका. सरांना नवीन घर ओळखू येत नाही म्हणून ते जुनं शोधायला निघतात. मग आपण सगळेच निघू. रोज नवीन गाव. तिथे आपण पण हरवलेले, ते पण हरवलेले. त्यांना एकट्यालाच तसं वाटणार नाही. आणि वाटेत ते पोरांना शिकवतील.

लोकांची पोरं शाळेत सोडून स्वतःची पोरं शाळेतून काढणारा मुंबईतला हा एकमेव माणूस असेल.

आत्या घाटकोपरला राहते, बँकेत आहे. तिने कर्जतला एक संस्था बघून ठेवली होती, अशा म्हाताऱ्यांसाठी. चांगली आहे म्हणाली, झाडं आहेत. आत्या व्हिलन नव्हती हां. दर रविवारी घाटकोपरहून येऊन सरांची नखं कापायची ती. पप्पांचा प्लॅन ऐकून ती इतका वेळ गप्प बसली की मला वाटलं नेटवर्क गेलं. पण ती समोरच बसली होती.

मग म्हणाली, "दादा, एक वर्ष. पोरांची परीक्षा मी घेणार, व्हिडिओ कॉलवर. शिकतायत असं दिसलं तर सर तुझ्याजवळ. नाही दिसलं, तर पोरं शाळेत आणि सर कर्जतला."

म्हणजे सर कुठे राहणार, हे माझ्या मार्कांवर ठरणार होतं. आणि माझी ख्याती अशी की, सातवीचा विज्ञानाचा पेपर बघून बाईंनी आईला बोलावून विचारलं होतं, घरी सगळं ठीक आहे ना?

*

सीट काढल्या, गाद्या टाकल्या, मागे गॅस, ड्रायव्हर सीटमागे सरांची खुर्ची नि फळा. पुढे-मागे 'स्कूल बस' लिहिलेलं तसंच राहिलं. पप्पा म्हणाले, खोटं थोडीच आहे.

जुन्नरच्या पुढे एका गावात सकाळी चहाला थांबलो. चहा पिऊन परत येतो तर बसमध्ये युनिफॉर्ममधली नऊ पोरं. (मनू म्हणते सात.) पिवळी बस दिसली, चढली. त्यांची रोजची गाडी बहुतेक उशिरा येत होती. आणि सरांनी त्यांना गादीवर रांगेत बसवून तास चालू पण केला होता. कोणी हूं का चूं नाही. आमच्या वर्गात एवढी शिस्त कधीच नव्हती.

आता पोरं रस्त्यावर उतरवणार कशी? विचारत विचारत त्यांच्या शाळेत नेली. गेटवर हेडमास्तर घड्याळ बघत उभे. पप्पांना झाडलंच त्यांनी. ही काय वेळ आहे का, प्रार्थना झाली, उद्यापासून असं चालणार नाही.

आणि पप्पा, इतक्या वर्षांच्या सवयीने, मान खाली घालून म्हणाले, "सॉरी सर. ट्रॅफिक होता."

त्या रस्त्यावर तेव्हा एक म्हैस होती. ती पण बसलेली.

*

मुरुडला समुद्राच्या काठावर गाडी लावली आणि सरांनी भूगोल काढला. विषय, वाळवंट. समोर समुद्र, मागे नारळ, बाजूला मासळी सुकत घातलेली, आणि सर वाळूवर काठीने रेघा मारत सांगतायत, "आपण आत्ता वाळवंटात आहोत. इथे पाऊस पडत नाही."

मी आईकडे बघितलं. आई भांडी घासत होती. ती आधीच घासलेली होती.

मनूला राहवलं नाही. तिने हात वर करून विचारलं, "सर, हे वाळवंट असेल तर मग इथे उंट कुठेयत?"

सरांनी काही उत्तर द्यायच्या आत घुंगरांचा आवाज आला, आणि आमच्या आणि समुद्राच्या मधून एक उंट चालत गेला. वर एक टुरिस्ट काका, हातात कणीस. बीचवर राइड देतात तिकडे. सरांनी वळून पण बघितलं नाही. "अजून काही शंका?"

मनूला शंका उरली नाही. त्या वर्षी जग अधूनमधून सरांची बाजू घ्यायचं, त्यामुळे जास्त प्रॉब्लेम व्हायचा.

पहिल्या परीक्षेत आत्याने मनूला कोकणाची माहिती विचारली. मनू म्हणाली, "कोकणात वाळवंट आहे. तिथे उंट आढळतात आणि कणीस खाणारे लोक राहतात." आत्याने पप्पांना फोन द्यायला सांगितला. पप्पा फोन घेऊन लांब गेले. परत आले तेव्हा एवढंच म्हणाले की आत्या कर्जतला चौकशी करून ठेवतेय.

*

त्या दिवसापासून मी आणि मनू अभ्यासाला लागलो. चोरून. सरांना कळलं तर त्यांना वाटेल की आपलं शिकवणं पुरत नाही. म्हणून दुपारी ते झोपले की आम्ही बसच्या मागच्या टोकाला, गादीखाली मोबाईल धरून, आवाज बंद करून व्हिडिओ बघायचो. बाकीची पोरं अभ्यास करतोय दाखवून मोबाईल बघतात. मी मोबाईलवर टाइमपास करतोय असं दाखवून विज्ञान बघायचो.

एकदा आईने पकडलं. तेरा वर्षांचा मुलगा, गादीखाली मोबाईल, आवाज बंद. तिला जे वाटायचं ते वाटलं. तिने मोबाईल हिसकावला. स्क्रीनवर 'आम्ल आणि आम्लारी'.

तिला जास्त धक्का बसला. मग मोबाईल परत दिला आणि पडदा ओढून घेतला, बाहेरून दिसू नये म्हणून.

पुढच्या परीक्षेत आम्ही फाडलं. आत्या विचारतेय, मी उत्तर देतोय. लिटमस विचारला, लिटमस सांगितला. क्षार विचारला, तो पण. मनूने जिल्ह्यांसकट कोकण सांगितलं, उंट वगळून. आत्याचा चेहरा हळूहळू सैल पडत गेला. शेवटी तिने विचारलं, "कोणी शिकवलं रे हे सगळं?"

"सरांनी," आम्ही दोघं एकदम.

सर बाजूलाच बसले होते. त्यांनी कॅमेऱ्यात वाकून बघितलं आणि स्पष्ट आवाजात म्हणाले, "नाही. हे मी शिकवलेलं नाही."

आयुष्यभर खोटं न बोललेल्या माणसाला हे पण विसरता आलं असतं. पण नाही.

पप्पा स्टिअरिंगला धरून बसले. मी म्हणालो, "बघ आत्या, किती मोठा माणूस. क्रेडिट पण घेत नाही."

आत्या हसली की रडली ते समजलं नाही. गावात रेंज कमी होती, तिचं चित्र तिथेच अडकलं.

*

आता हवालदार. मी सांगितलंय, थोडा ओढलाय.

सांगलीच्या पुढे गाडी अडवली. स्कूल बस, नंबर मुंबईचा, आत गॅस आणि गाद्या. हवालदाराने पप्पांना विचारलं की शाळा कुठाय. पप्पांनी मागे बोट दाखवलं. तो दार उघडून आत चढला.

सरांनी खडू थांबवला. "उशीर का झाला?"

हवालदाराने टोपी काढली. का काढली त्यालाच माहीत. "बंदोबस्त होता सर."

"बस."

तो गादीवर माझ्या बाजूला मांडी घालून बसला. सरांनी त्याला सतराचा पाढा विचारला. सतरा सत्तेला अडकला. मी खालून बोटांनी दाखवायला गेलो, तर सर म्हणाले, "त्याला मदत करू नका, त्याचं नुकसान होतं." हवालदार मान खाली घालून बसला होता. मग सर खिडकीबाहेर बघायला लागले आणि बघतच राहिले. आपण काय विचारलं होतं ते गेलं. खडू हातात तसाच.

हवालदार हळूच उठला, खाली उतरला. पप्पांना म्हणाला, "किती दिस झालं?" पप्पा म्हणाले, दोन-तीन वर्षं. तो म्हणाला, "आमची आई मला तिचा भाऊ समजायची. शेवटी शेवटी मी पण 'ताई' म्हणाय लागलो." एवढं बोलून त्याने टोपी घातली आणि हाताने, जावा, अशी खूण केली. कागद बघितलेच नाहीत.

गाडी सुटली तेव्हा सरांनी खिडकीतून डोकं काढलं. "सतराचा पाढा, उद्या!"

तो मागून ओरडला, "हो सर!"

*

पावसाळ्यानंतर सरांनी एका सकाळी मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "नवीन आलास? नाव काय?"

खरं नाव सांगायला हवं होतं. पण माझा स्वभाव बघा. मी म्हणालो, "प्रकाश."

"बस प्रकाश. घाबरू नको, इथे कोणी मारत नाही." (पप्पा पुढून खोकले. पप्पांना छड्या आठवल्या असतील.)

मग मी रोज नवीन पोरगा व्हायला लागलो. एक दिवस इम्रान. एक दिवस कोळीवाड्यातला बाळ्या. एक दिवस दुबईहून आलेला श्रीमंत मुलगा, त्याला पंख्याशिवाय बसवत नाही. सर प्रत्येकाला तितक्याच प्रेमाने बसवून घ्यायचे. मनू म्हणायची, बंद कर रे, आणि तोंड फिरवायची. मला सोपं जायचं ते. प्रकाशला विसरले तर प्रकाशचं काय जातंय?

एके दिवशी मी प्रकाशच होतो, परत एकदा. सर अगदी फ्रेश होते. म्हणाले, "प्रकाश, तुझ्याएवढा माझा नातू आहे. साहिल. महा मस्तीखोर. पण दुपारी मी झोपलो की लपून अभ्यास करतो. त्याला वाटतं मला कळत नाही."

मी विचारलं, "मग तुम्ही त्याला सांगत का नाही सर?"

"नको. लाजेल. मग सोडून देईल."

दुसऱ्या दिवशी त्यांनी नाव विचारलं तेव्हा मी सांगितलं, "साहिल."

"अरे वा," सर म्हणाले. "माझ्या नातवाचं पण हेच नाव आहे. बस साहिल. घाबरू नको."

*

वर्ष संपत आलं. मुलुंडलाच भाड्याची एक जागा मिळाली होती, सोमवारी तिकडे जायचं होतं. पाच जण की चार, ते ठरायचं होतं. शेवटची परीक्षा आत्या समोर येऊन घेणार होती. आम्ही मनोरीला गाडी लावली होती, पप्पांच्या ओळखीच्या एका कॉटेजच्या अंगणात. आत्या मार्वेहून बोटीने आली. सलवार गुडघ्यापर्यंत भिजलेली, खांद्याला पर्स, पर्समध्ये प्रश्नपत्रिका. कर्जतला तिने खोली धरून ठेवली होती. पप्पांना तिने तसं बोटीतूनच फोनवर सांगितलं होतं, लपवून नाही ठेवलं.

आम्ही तयारीत होतो. दोघांचं सगळं पाठ. आत्या पायरी चढून आत आली. सर ड्रायव्हर सीटला पाठ लावून त्यांच्या खुर्चीवर बसले होते. तिला बघून उठून उभे राहिले.

"या," म्हणाले. "पालक का?"

कितीतरी महिन्यांनी मुलीला समोर बघत होते ते. पप्पा खाली उतरले आणि टायरची हवा बघायला लागले.

आत्याने पर्सची चेन उघडली होती. ती बंद केली. मनूच्या बाजूला गादीवर बसली, गुडघे जवळ घेऊन. म्हणाली, "हो. एक ॲडमिशन विचारायची होती."

"मुलगा की मुलगी?"

"माझे वडील आहेत."

मला वाटलं सर चिडतील. सरांना काही विशेष वाटलं नाही. रात्रशाळेत असे खूप बघितलेत म्हणाले, एक तर पेन्शनीतला होता. "वय काय?"

"अठ्ठ्याहत्तर."

"याआधी शाळेत गेलेत?"

"सगळा जन्म," आत्या म्हणाली.

"मग अडचण काय आहे?"

"विसरतात, सर."

सर हसले. खरंच हसले, दात दिसेपर्यंत. "अहो, विसरतात म्हणून तर शाळा. पोरांच्या सगळं लक्षात राहिलं असतं तर आम्हाला पगार कशाला दिला असता?"

आत्या पण थोडी हसली. मग खाली बघत तिने विचारलं, "एक होस्टेल बघितलंय लांब. चांगलं आहे. तिकडे ठेवू का, सर? तुम्ही सांगा."

सरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला. परीक्षेचा निकाल सांगायच्या आधी ते असंच करायचे, पप्पा सांगतात.

"रात्री घाबरतात का ते?"

"हो."

"मग नको. असं पोरगं होस्टेलला टिकत नाही. रडत नाही ते, त्यामुळे कोणाला समजत पण नाही. नुसतं बसून राहतं." चष्मा परत लावला. "इकडेच आणा. मी आहे ना."

"उद्यापासून आणू?"

"वेळेवर आणा. आणि डबा द्या बरोबर, पहिल्या दिवशी भूक लागते." मग ते माझ्याकडे वळले. नाव शोधलं, मिळालं नाही. "ए, तू. जरा सरक. नवीन मुलाला खिडकी दे."

मी सरकलो.

काय बघतोयस? झालं. चल, चहाचे पैसे तू दे.